विज्ञानपट काढायचा तर रेखाटूनच काढा

अनगोळचा_एलियन (धागाकर्ता)

चित्रपट विभागात टाकतोय. बालविभागात हलवू नये, ही संपादकांना हात जोडून विनंती. मागचा धागा हलवला होता आणि तिथं 'माझी मुलगी जेवत नाही, कुठलं कार्टून लावू' असे प्रतिसाद आले होते.

माझं मत उघड सांगतो. विज्ञानकथा पडद्यावर नीट उतरते ती अ‍ॅनिमेशनमध्येच. खरी माणसं घेऊन काढलेले विज्ञानपट, अगदी थोर म्हणून मिरवलेलेही, दहा-पंधरा वर्षांत केविलवाणे दिसायला लागतात. कारण सोपं आहे. खरा माणूस आणि खोटा राक्षस एका चौकटीत उभे केले की आपला डोळा दोघांना सारखा ताडून बघत बसतो. सावली कुठं पडली, पाय जमिनीला टेकले का, नायक नेमकं कुठं बघून घाबरतोय. अ‍ॅनिमेशनमध्ये माणूस रेखाटलेला, राक्षस रेखाटलेला, पाऊससुद्धा रेखाटलेला. लपवायचं काहीच नाही, म्हणून पकडायलाही काही नाही. पहिल्या पाच मिनिटांत डोळा तह करतो आणि मग गोष्ट ऐकतो.

पुरावा हवा तर 'स्टार वॉर्स' घ्या. 1977 मध्ये लहान मॉडेलं बनवून, त्यांच्याभोवती कॅमेरा फिरवून त्यांनी अंतराळातली लढाई उभी केली. 1997 मध्ये त्याचे दिग्दर्शक लुकाससाहेब यांना वाटलं, आता संगणक आलाय, जरा नटवू या. जब्बा नावाचा तो अजस्र गुंड संगणकावर करून एका जुन्या प्रसंगात घुसवला. आज दोन्ही शेजारी ठेवून बघा. मॉडेलं ताजी दिसतात, जब्बा रबरी दिसतो. पुढं 2004 च्या डीव्हीडीसाठी तो पुन्हा नव्यानं करावा लागला.

आता त्याच्या आधीचा, 1973 चा 'फँटास्टिक प्लॅनेट' बघा. फ्रान्स आणि चेकोस्लोव्हाकियानं मिळून काढलेला, कागदी कातरचित्रं हलवून केलेला. निळ्या कातडीचे, लाल डोळ्यांचे महाकाय लोक माणसाची पोरं पाळतात, त्यांच्या गळ्यात पट्टा घालतात, खेळून झालं की विसरतात. पन्नास वर्षं उलटली, एक चौकट जुनी वाटत नाही. जुनी व्हायला ती मुळात कधी 'खरी' असल्याचा दावाच करत नव्हती.

'अकिरा' तर सोडूच नका. 1988 चा, गोष्ट 2019 सालच्या निओ-टोकियोतली. त्यात 2020 चं ऑलिम्पिक टोकियोला होणार असं दाखवलंय, तो योगायोग सगळ्यांना पाठ आहे. मला तो योगायोग तितका भारी वाटत नाही. मला भारी वाटते ती रात्र. कोण रात्र रंगवायला बसतं हो? सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर, रंगवताना बहुतेक जण रात्र टाळतात, निळा रंग फासतात आणि मोकळे होतात. यांनी 327 रंग वापरले आणि त्यातले कित्येक खास या चित्रपटासाठी घोटून घेतले. मोटारसायकलींच्या मागच्या लाल दिव्यांच्या रेघा हवेत क्षणभर रेंगाळतात. तेवढी एक गोष्ट बघायला तरी तो मोठ्या पडद्यावर बघावा. आणि जपानी प्रथेच्या उलट, आवाज आधी मुद्रित करून त्याबरहुकूम ओठ रेखाटलेत.

आणि स्पायडर-मॅनचा 'स्पायडर-व्हर्स'. पहिला, 2018 चा. याच्यावर मी तासभर बोलू शकतो, पण एकच गोष्ट सांगतो, ती स्वतः करून बघा. जंगलातला प्रसंग काढा, जिथं पोरगा माइल्स आणि मुरलेला पीटर झाडांमधून जाळी टाकत पळतात. यूट्यूबवर तो तुकडा असेल तर थांबवा आणि संगणकावर पूर्णविरामाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढं सरकवा. पीटर प्रत्येक फ्रेमला हलतो. माइल्स दोन फ्रेम एकाच जागी थांबतो, मग हलतो. म्हणजे सेकंदाला एकाची 24 चित्रं आणि दुसऱ्याची 12. नवशिका पोरगा अडखळतोय हे एकाही संवादात सांगितलेलं नाही. पुढं पोरगा तयार होतो तेव्हा तोही चोवीसावर येतो. शिवाय मागची दृश्यं धूसर करायची तर कॅमेऱ्यासारखी न करता रंगच जरा सरकवलेत, जुन्या चांदोबात छापताना लाल ठसा काळ्या रेघेच्या बाहेर जायचा ना, तस्सं. छापखान्याचा दोष यांनी सौंदर्य म्हणून वापरला!

खऱ्या नटांना घेऊन हे करून दाखवा. नट बारा फ्रेमला कसा हलवणार?

या, भांडू या.

खानापूर_एक्सप्रेस

लई भारी लिहिलंस गा. पण 'इंटरस्टेलर'चं काय करायचं? मी तो 2014 ला बघितलो आणि पुन्हा लागला तेव्हा परत बघितलो, धारवाडला मित्राकडं राहून. त्या पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं, आणि परत येऊन बाप पोरांचे साठलेले निरोप बघतो. तो प्रसंग रेखाटून होणार नाही मर्दा. त्याला माणसाचा चेहराच पाहिजे.

अनगोळचा_एलियन

चेहरा तुझा, मान्य. पण त्यातलं कृष्णविवर कुणाचं? गार्गांटुआचं काय शूटिंग केलं होतं? किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञानं समीकरणं दिली, संगणकानं प्रकाशाची वाट काढत काढत ते चित्र तयार केलं, काही फ्रेमना म्हणे शंभर शंभर तास लागले. 2019 मध्ये एम87 दीर्घिकेतल्या खऱ्या कृष्णविवराचं चित्र आलं, तेव्हा जगभर लोक त्या सिनेमाशीच ताडून बघत होते. म्हणजे त्या सिनेमातली सगळ्यात शास्त्रशुद्ध गोष्ट अ‍ॅनिमेशनच आहे. मी जिंकलो, पुढचा या.

जुना_ऑपरेटर

एलियन, पोरा, तुझाच साक्षीदार माझ्या बाजूनं बोलतोय. 1977 ची मॉडेलं आज ताजी दिसतात म्हणालास. ती मॉडेलं रेखाटलेली नव्हती. लाकूड, प्लास्टिक, रंग, आणि त्यावर पडलेला खरा उजेड. तोच माझा मुद्दा.

टॉकीजला आयुष्य गेलं माझं. पेटी यायची, वीसेक मिनिटांचं एकेक रीळ, दोन प्रोजेक्टर. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, दुसरा ठिपका दिसला की पडदा पाडून बदलायचं. प्रेक्षकाला कळता कामा नये. त्यामुळं मी गोष्ट कधी सलग बघितलीच नाही, उजेडच बघत आलो. आणि उजेड खोटा असला की मला लगेच कळतो.

'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला 1994 मध्ये. लोक शिट्ट्या मारत होते. त्यात डायनोसॉर दिसतात ती मिनिटं सगळी मिळून पंधराच्या आसपास आणि त्यातली संगणकावरची सहा. बाकी यंत्राचे, हातानं हलवलेले. म्हणून ते जनावर पावसात भिजलेलं दिसतं, कारण ते खरोखर भिजलेलं होतं. '2001: अ स्पेस ओडिसी'त तो अंतराळवीर गोल खोलीत धावत वर चढतो आणि खाली येतो. 38 फूट व्यासाचं आख्खं चाक बांधून फिरवलं होतं. 1968 साल. माणूस चंद्रावर पोचायचा होता अजून!

रेखाटलेल्याला माझा विरोध नाही. फाळक्यांनी 1915 मध्ये आगपेटीच्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' काढला होता, त्याच्याही आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोज एकेक चित्र घेऊन रोप वाढताना दाखवलं होतं. पण बघा, काड्या खऱ्या होत्या आणि वाटाणाही.

निप्पाणीचा_तंबाखू

ऑपरेटर काकांना दंडवत. बाकी धागा म्हणजे इंग्रजी आणि जपानीची आरती. आपल्याकडचं काहीच नाही का? उपेंद्रचा 'हॉलीवूड' आठवतो का कुणाला? कन्नड, 2002. यंत्रमानव, प्रेम, मत्सर सगळं होतं. रजनीकांतचा 'एन्थिरन' आला 2010 ला. निप्पाणीत आमच्या गल्लीत तेव्हा कुणी विज्ञानपट हा शब्दही वापरत नव्हतं, 'रोबोटचं पिक्चर' म्हणायचे.

खानापूर_एक्सप्रेस

बघितलो की! व्हीसीडी होती आमच्याकडं.

कॅम्पातली_मावशी

मी सगळ्यांपेक्षा वयानं मोठी असेन (ऑपरेटर सोडून), म्हणून जरा लांबण लावते.

एलियन, तू 'वॉल-ई' का वगळलास ते कळेना. 2008 चा. कचरा दाबून विटा करणारं एक यंत्र, पृथ्वीवर एकटंच उरलेलं. पहिला अर्धा-पाऊण तास जवळजवळ संवाद नाहीत. माझ्या घरी खालच्या मजल्यावर कन्नड कुटुंब भाड्यानं राहतं, शेजारी उर्दू बोलणारे, आणि आम्ही. सुट्टीत सगळी पोरं माझ्याकडं पडीक. सिनेमा लावायचा म्हटला की आधी भाषेवरून रणकंदन. हिंदी लावलं तर सगळेच जरा नाखूश, म्हणून शेवटी हिंदीच लागायचं. 'वॉल-ई' लावला तेव्हा कुणी भाषा विचारलीच नाही. त्या यंत्राचे डोळे म्हणजे साधी दुर्बीण आहे. दिग्दर्शक मैदानावर सामना बघत असताना हातातली दुर्बीण वाकवून बघत बसला आणि त्याला त्यात चेहरा दिसला, असं त्यानंच सांगितलंय. भुवई नाही, तोंड नाही. दोन नळ्या जरा खाली झुकल्या की पोरं गप्प. खालच्या मजल्यावरची धाकटी तर उठून टीव्हीला हात लावून आली.

त्याच्यानंतर गेल्या वर्षी 'फ्लो' दाखवला. मांजर, कुत्रा, एक कॅपिबारा, वस्तू गोळा करणारा लेमूर आणि एक लांब पायांचा पक्षी, पुरात एका नावेवर. माणूस नाही आणि संवादाचा एक शब्द नाही. लॅटव्हियाचा आहे. त्या देशाची लोकसंख्या वीस लाखांच्या आत, आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत 47 लाखांच्या वर होती. त्यांनी तो ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला आणि 2025 मध्ये ऑस्कर नेलं. आपण 47 लाख लोक काय करतोय? तर मल्टिप्लेक्समध्ये एसी जास्त आहे म्हणून भांडतोय.

अनगोळचा_एलियन

मावशी, 'वॉल-ई' राखून ठेवला होता, तुम्ही आधीच काढलात. त्यातला आवाज बघा ना. यंत्रमानवांचे आवाज बेन बर्टनं घडवले, 'स्टार वॉर्स'मधल्या आवाजांचाच माणूस. हातानं फिरवायच्या जनित्राचा आवाज त्या यंत्राच्या चालीला लावलाय.

पेन्सिल_घासणारा

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. मी या धंद्यात आहे, मूळ वडगावचा, सध्या बेंगळुरूत. त्यामुळं दोन्ही पक्षांचा फुगा फोडतो.

एलियन, 'वॉल-ई'त खरा माणूस आहे. त्या कंपनीचा जुना मालक पडद्यावर निरोप देताना दिसतो, तो हाडामांसाचा नट आहे, फ्रेड विलार्ड. शिवाय ते यंत्र जी जुनी व्हिडिओ कॅसेट लावून बघतं, ती 'हॅलो, डॉली!'ची खरी दृश्यं आहेत. एका चौकटीत खरं आणि रेखाटलेलं. तुझा सिद्धांत तिथंच झोपला.

ऑपरेटर काका, खरा उजेड वगैरे ठीक, पण आजच्या 'खऱ्या' सिनेमात खरं किती उरतं ते माझ्या टेबलापाशी येऊन बघा. माझी सुरुवात रोटोमध्ये झाली. रोटो म्हणजे नटाच्या कडेनं फ्रेम दर फ्रेम रेघ मारून त्याला मागच्या दृश्यापासून सुटा करायचा. कपाळ वेगळं, कान वेगळा, प्रत्येक बोट वेगळं. केस हा तर शत्रू. नटी मान उडवते, तुम्ही वाहवा करता, मी त्या एका झटक्यात तीन दिवस अडकलेलो असतो. मग मागं हिमालय लावतात नाहीतर मंगळ. तेव्हा काका, तुम्ही ज्याला शूटिंग म्हणता त्यातलं निम्मं आम्हीच गिरवलेलं असतं. श्रेयनामावलीत आमचं नाव येईपर्यंत लोक पार्किंगमध्ये पोचलेले असतात.

अनगोळचा_एलियन

पेन्सिलवाले, विलार्डचं उदाहरण उलट माझ्याच कामाचं आहे. 'वॉल-ई'त खरा माणूस कुठं येतो? फक्त सातशे वर्षं जुन्या ध्वनिचित्रफितीत. आजचे लोक, खुर्चीत लोळून फुगलेले, ते रेखाटलेले. म्हणजे माणूस जिवंत असताना खरा होता, पुढं तो स्वतःच कार्टून झाला. ही गंमत खरे नट घेऊन साधलीच नसती. मिसळ झाली म्हणून सिद्धांत मोडत नाही. मिसळ लपवली की मोडतो. जब्बा लपवला होता, विलार्ड लपवलेला नाही.

आणि रोटोचं वाचून तर मी म्हणतोच, एवढं गिरवायचंच आहे तर पहिल्यापासून रेखाटा ना!

पेन्सिल_घासणारा

हे निर्मात्याला सांग. त्याला हिरोच्या नावावर तिकिटं विकायची असतात.

निप्पाणीचा_तंबाखू

विकली गेली की हिरोशिवाय! 'महावतार नरसिंह' 2025 ला लागला. अ‍ॅनिमेशन, आणि पाठीशी आपल्या कर्नाटकातली होंबाळे ही चित्रपट कंपनी. कोल्हापूरला बहिणीकडं होतो, तिथं आजी-आजोबा चपला बाहेर काढून बसल्याचं डोळ्यांनी बघितलो. भारतात अ‍ॅनिमेशनपटानं एवढा गल्ला आधी कधी केला नव्हता. म्हणजे मोठी माणसं रेखाटलेलं बघत नाहीत हे खोटं. देव असला की बघतात.

कॅम्पातली_मावशी

'देव असला की' हेच तर दुखणं. नरसिंह खांबातून येतो ते चालतं, यंत्रमानव रडला की 'लहान मुलांचं आहे'.

शहापूर_कुंदा

मध्येच विचारतो. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' 2023 ला भारतात दहा भाषांत आला, मराठी आणि कन्नड दोन्ही होत्या त्यात. बेळगावात कुणी मराठीतला बघितला का? मला तर इंग्रजी आणि हिंदीच्याच वेळा दिसल्या. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडर-मॅन आहे, मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून मुंबाटन. ते मराठीत ऐकायचं होतं.

खानापूर_एक्सप्रेस

मला पण मिळाला नाही. शेवटी इंग्रजीतच बघितलो.

निप्पाणीचा_तंबाखू

कन्नडवाल्यांचं दुःख तर अजून जुनं. परभाषेतला सिनेमा डब करून लावायला तिथल्या सिनेमावाल्यांचाच कित्येक दशकं विरोध. 2015 मध्ये स्पर्धा आयोगानं चाप लावला, आणि 2017 ला कुठं डब केलेला सिनेमा थेटरात लागला. तोवर तिथल्या पोरांना परग्रहावरचे लोक आपल्या भाषेत बोलताना ऐकायला मिळतच नव्हते. आता दहा भाषांत येतात, आणि खिडकीवर मिळतात दोन. मराठी असो नाहीतर कन्नड, आपण दोघंही रांगेत मागंच.

संपादक

धागा सिनेमावर आहे. भाषेवरून घसरगुंडी सुरू झाली तर कुलूप लागेल. सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तो सतरा पानं झालाय, तिकडं जावे.

शहापूर_कुंदा

संपादक, मी फक्त स्पायडर-मॅन विचारला होता.

कॅम्पातली_मावशी

मी वाद मिटवते. मराठीत विज्ञानपट बघायचाय ना? मग जयंत विष्णू नारळीकर घ्या. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. बक्षीस मिळालं. मूळचे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे. 2025 च्या मे महिन्यात गेले तेव्हा सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली, पण त्यांच्या गोष्टी पडद्यावर आणायचं फारसं कुणाला सुचत नाही. एलियन, तुझा सिद्धांत खरा असेल तर कुठली कथा रेखाटशील, बोल.

अनगोळचा_एलियन

मावशी, विचारायची गरजच नाही. 'गंगाधरपंतांचे पानिपत'. सीबीएसईच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात 'द अ‍ॅडव्हेंचर' म्हणून आहे, मी तिथंच पहिल्यांदा वाचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका वेगळ्याच जगात जातात, जिथं पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाला चाटून गेली. मराठे जिंकले. पुढचा सगळा इतिहास वेगळा. पंत पुण्याहून जिजामाता एक्सप्रेसनं मुंबईला निघतात, लांब बोगदा संपतो आणि गाडी एका छोट्या स्टेशनावर थांबते. स्टेशनाचं नाव सरहद. गणवेशातला अँग्लो-इंडियन डब्यात शिरून परवाने तपासतो. इथून पुढं इंग्रजांचं राज्य.

हे वाचताना पुण्या-मुंबईच्या माणसाला कल्पना वाटत असेल. आपल्याला?

निप्पाणीचा_तंबाखू

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा आपला कोगनोळी नाका! कोविडात आरटीपीसीआरचा कागद हातात धरून दोन तास उभा होतो. डोळ्यांपुढं आला.

पेन्सिल_घासणारा

आता कुठं कामाचं बोलताय. सांगतो कसं करता येईल. पंतांचं आपलं जग नेहमीच्या गतीनं, सेकंदाला चोवीस चित्रं. बोगद्यात शिरताना अंधार. बाहेर आले की सगळं जग बारावर, पंत एकटे चोवीसावर. कुणी काही बोलायच्या आधी बघणाऱ्याला कळेल की हा माणूस इथला नाही. शेवटी आझाद मैदानात ते व्यासपीठावर चढून भाषण करायला लागतात आणि लोक अंडी-टोमॅटो मारतात, तिथं त्यांनाही हळूहळू बारावर आणायचं. तेवढ्यात ते फेकले जातात परत आपल्या जगात.

रंगांसाठी पण सुचतंय. तिकडच्या जगाला बखरीच्या पोथीचा शाईचा पिवळट करडा. गोळीचा प्रसंग तर बखरीच्या पानावरच घडवायचा, अक्षरांमधून गोळी जाते, एका जगात ओळ फाडते आणि दुसऱ्यात दोन ओळींच्या मधून निघून जाते. एकाच पानाचे दोन निकाल.

जुना_ऑपरेटर

हे मात्र मला पटलं. शूटिंग करून हे व्हायचं नाही. पण स्टेशन? स्टेशन बघून रेखाटा. मनानं काढलेलं स्टेशन मला चालणार नाही. लोखंडी खांब, मातीचा फलाट, धुकं, याला खरं काही समोर पाहिजे.

खानापूर_एक्सप्रेस

काका, लांब कशाला जायला पाहिजे? कॅसलरॉक!! लोंढ्याच्या पुढं. पोर्तुगीज असताना ते खरोखर सरहद स्टेशन होतं. अलीकडं इंग्रजांचा हिंदुस्थान, पलीकडं गोवा, आणि प्रवाशांची जकात तपासणी तिथंच. 1961 ला गोवा मोकळा झाला तेव्हा संपलं ते. पुढं घाट, बोगद्यावर बोगदे. आजसुद्धा घाटासाठी गाडीला जादा इंजिनं जोडतात तिथं, त्यामुळं गाडी थांबते आणि लोक उगाच खाली उतरून उभे राहतात. पावसाळ्यात फलाटाचं दुसरं टोक दिसत नाही. नारळीकरांनी ते बघून लिहिलं असेल असं मी म्हणत नाही, पण आपल्याला रेखाटायला दुसरं काय पाहिजे?

पेन्सिल_घासणारा

अंगावर काटा आला. फोटो काढून आण. पहाटेचे, दुपारचे, दिवे लागल्यावरचे. रुळांच्या पातळीवरून एक, डब्याच्या खिडकीतून एक. मी गणपतीत घरी येतोय, तेव्हा निदान पार्श्वचित्रं आणि मिनिटभराचा कच्चा आराखडा करू. ब्लेंडर फुकट आहे, मावशी म्हणाल्या ते खरं.

शहापूर_कुंदा

परवानगी? लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडं राहतात. यूट्यूबवर टाकून बसू नका, आधी रीतसर पत्र लिहा.

कॅम्पातली_मावशी

पत्र मी लिहिते. शुद्धलेखनाची जबाबदारी माझी. खानापूर, तू दूधसागरकडं रुळांवरून चालत जाऊ नकोस, रेल्वेवाले गुन्हा दाखल करतात.

खानापूर_एक्सप्रेस

व्हय मावशी. फलाटावरच राहतो.

जुना_ऑपरेटर

त्या अँग्लो-इंडियनचा आवाज मी देणार. कॅम्पातल्या टॉकीजला इंग्रजी पिक्चर लावून लावून ते बोलणं पाठ झालंय.

निप्पाणीचा_तंबाखू

आणि पंतांचं मराठी? पुण्याचं का आपलं?

अनगोळचा_एलियन

पंत पुण्याचेच राहू देत. पण त्या दुसऱ्या जगात मराठे जिंकलेत, म्हणजे त्यांच्या डब्यातले बाकीचे प्रवासी कसंही बोलू शकतात. तिथं 'मी बघितलो' हेच प्रमाण मराठी असेल, पंत एकटेच चुकीचं बोलतात.

संपादक

भाषेबद्दल मी काय सांगितलं होतं?

कॅम्पातली_मावशी

अहो संपादक, हे दुसऱ्या जगातलं आहे.